मोटारघर तापन, विद्युत्

राहत्या घराला जोडलेल्या अथवा त्याच्या आवारात स्वतंत्रपणे बांधलेल्या मोटारघरातील हवा, जमीन व वस्तू विजेच्या साहाय्याने बाहेरील तापमानापेक्षा अधिक उबदार ठेवण्याच्या क्रियेस मोटारघराचे विद्युत् तापन म्हणतात. मराठीत ‘गॅरेज’ हा शब्द बहुधा मोटारगाड्यांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळेसाठी रूढ असल्याने प्रस्तुत नोंदीत घरगुती गाडी ठेवण्याच्या खोलीस ‘मोटारघर’ असे म्हटले आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा यांचे उत्तरेकडील प्रदेश, स्कँडिनेव्हिया आणि अन्य शीत प्रदेश यांत हिवाळ्यातील तापमान दीर्घकाळ गोठणबिंदूखाली राहते. तेथे मोटारघर हे केवळ गाडी ठेवण्याचे ठिकाण नसून सुतारकाम, यंत्रदुरुस्ती, धुलाईयंत्र, रंग व अवजारे यांची साठवण अशा अनेक कामांची जागा असते. त्यामुळे त्याच्या तापनाचा प्रश्न सुखसोयीपुरता मर्यादित राहत नाही. ऊर्जेचा खर्च, आगीचा धोका आणि घरातील माणसांची सुरक्षितता हे तिन्ही विषय त्यात गुंतलेले आहेत.

इतिहास : विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारगाड्या बहुधा जुन्या घोडागाड्यांच्या कोठारांत ठेवीत. एंजिनाच्या शीतकात (उष्णता बाहेर टाकणाऱ्या साधनात) साधे पाणी असे व ते गोठल्यास प्रसरण पावून धातूचे भाग फुटत. म्हणून थंडीच्या रात्री पाणी काढून टाकणे किंवा गाडीची जागा उबदार ठेवणे हे दोनच उपाय होते. एथिलीन ग्लायकॉलयुक्त गोठणरोधक मिश्रणे १९२०–३० या दशकात प्रचारात आल्यावर ही निकड कमी झाली. याच सुमारास, १९२१ मध्ये, सी. जी. जॉन्सन यांनी वर सरकणारे खंडयुक्त दार तयार केले. पुढे अमेरिकेत मोटारघर राहत्या घरालाच जोडण्याची प्रथा वाढली. एंजिनाच्या ठोकळ्यातच बसविण्याच्या विद्युत् तापकाचे एकस्व (पेटंट) अँड्रू फ्रीमन यांना १९४९ मध्ये मिळाले.

विद्युत् तापनाचा शास्त्रीय पाया याहून जुना आहे. संवाहकातून विद्युत् प्रवाह गेल्यास निर्माण होणारी उष्णता ही रोध आणि प्रवाहाचा वर्ग यांच्या सम प्रमाणात असते, हा नियम जे. पी. जूल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केला. तथापि रक्ततप्त अवस्थेत हवेच्या सान्निध्यात दीर्घकाळ टिकणारी तार उपलब्ध नसल्याने व्यावहारिक तापक पुष्कळ काळ बनू शकले नाहीत. ए. एल. मार्श यांना १९०६ मध्ये निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रधातूचे एकस्व मिळाले व ही अडचण दूर झाली. या मिश्रधातूच्या (नायक्रोमाच्या) पृष्ठावर क्रोमियम ऑक्साइडाचा घट्ट थर बसतो व पुढील ऑक्सिडीभवन थांबते. आजही बहुतेक रोध तापकांत याच जातीची तार वापरतात.

तापनाची आवश्यकता : कोणत्या हेतूने तापन करावयाचे यावर किती तापन हवे हे अवलंबून असते. पाण्याचे नळ, पाण्यात मिसळणारे रंग, आसंजके (चिकटविण्याचे पदार्थ) इत्यादींचे गोठण्यापासून रक्षण करण्यासाठी ५° ते ८° से. तापमान पुरते. हाताने काम करावयाचे असल्यास १३° ते १८° से. तापमान सोयीचे असते. काही एपॉक्सी रेझिने १०° से.च्या खाली फार मंदपणे घट्ट होतात. शिसे-अम्ल विद्युत् घटमाला पूर्ण भारित असताना सहसा गोठत नाही, परंतु विसर्जित झाल्यास तीमधील विद्राव पातळ होऊन साधारण हिवाळ्यातही गोठू शकतो. अलीकडील विद्युत् मोटारगाड्यांतील लिथियम-आयन घटमाला ०° से. खाली वेगाने भारित केल्यास ऋणाग्रावर धातुरूप लिथियम साचून घटमालेस इजा पोहोचते. त्यामुळे अशा गाड्यांत घटमाला तापविण्याची स्वतंत्र योजना असते व उबदार मोटारघरामुळे तिचा भार हलका होतो.

उष्णताव्यय : मोटारघरातील उष्णता तीन मार्गांनी बाहेर जाते. भिंती, छत, दार व जमीन यांतून संवहनाने (घन पदार्थातून कणांच्या स्थानांतराशिवाय होणाऱ्या वहनाने). फटींतून होणाऱ्या हवेच्या अदलाबदलीने. आणि पृष्ठभागांवरून संनयनाने (द्रायूच्या, म्हणजे द्रवाच्या वा वायूच्या, हालचालीमुळे होणाऱ्या वहनाने) व प्रारणाने (तरंगरूपी ऊर्जेने). एकूण व्यय आतील व बाहेरील तापमानांतील फरकाच्या सम प्रमाणात असतो. बाहेर –५° से. असताना आतील तापमान १५° ऐवजी ५° ठेवल्यास फरक २०° वरून १०° वर येतो व व्ययही निम्मा होतो. तापनाचा खर्च कमी करण्याचा हा सर्वांत सोपा उपाय होय.

राहत्या खोल्यांच्या मानाने मोटारघराचा उष्णताव्यय फार मोठा असतो. भिंतींच्या आतील बाजूस पुष्कळदा लाकडी उभे वासे उघडेच असतात. छतावर निरोधक थर नसतो. सर्वांत दुर्बल भाग म्हणजे गाडीचे दार. ते एकपदरी पत्र्याचे असल्यास त्याचा रोध नगण्य असतो आणि त्याच्या कडांतून थंड वारा सतत आत येतो. जमिनीची काँक्रीटची लादी कडेने थंड मातीशी व बाहेरील हवेशी जोडलेली असते.

उदाहरणादाखल ६ मी. × ६ मी. क्षेत्राचे, २·५ मी. उंचीचे व एका बाजूने घराला जोडलेले दोन गाड्यांचे मोटारघर घेता येईल. घराकडील भिंतीतून उष्णताव्यय होत नाही असे मानले आहे. विविध भागांचे नेहमीच्या बांधकामांत आढळणारे अंदाजी गुणांक घेऊन काढलेला व्यय कोष्टकात दिला आहे. हवेची अदलाबदल निरोधनरहित मोटारघरात ताशी दीड वेळा व निरोधनयुक्त मोटारघरात ताशी अर्धा वेळ धरली आहे.

कोष्टक : मोटारघराचा उष्णताव्यय (वॉट, तापमानातील प्रत्येक १° से. फरकास)

| भाग | निरोधनरहित | निरोधनयुक्त |
|---|---|---|
| भिंती (३५ चौ. मी.) | ७०·० | १७·५ |
| छत (३६ चौ. मी.) | ९०·० | ७·२ |
| गाडीचे दार (१० चौ. मी.) | ६०·० | १२·० |
| हवेची गळती (९० घ. मी.) | ४४·६ | १४·९ |
| जमिनीची कड (१८ मी.) | २१·६ | २१·६ |
| एकूण | २८६·२ | ७३·२ |

बाहेर –१५° व आत १०° से. असे तापमान धरल्यास पहिल्या स्थितीत सु. ७·२ किवॉ. व दुसऱ्या स्थितीत सु. १·८ किवॉ. इतकी उष्णता सतत पुरवावी लागते. म्हणजे निरोधनामुळे गरज चौथाईवर येते. हिवाळ्याचे सरासरी बाह्य तापमान –५° असून मोटारघर १२० दिवस ८° से. वर ठेवल्यास पहिल्या स्थितीत सु. १०,७०० व दुसऱ्या स्थितीत सु. २,७०० किवॉ. तास वीज लागेल. एका हंगामातील ही ८,००० किवॉ. तासांची तफावत पाहता, तापक निवडण्यापूर्वी निरोधनाचा विचार करणे हेच शहाणपणाचे ठरते.

निरोधनाचा क्रमही कोष्टकावरून स्पष्ट होतो. प्रथम दाराच्या कडांवर रबरी पट्ट्या बसवून गळती थांबवितात, कारण हे काम सर्वांत स्वस्त असते. नंतर छतावर काचतंतूंचे वा सेल्युलोजाचे थर घालतात. त्यानंतर भिंतींतील वाशांमधील पोकळ्या भरतात आणि शेवटी पॉलियुरेथेन वा पॉलिस्टायरीन फेसाचे गाभे असलेले दार बसवितात. निरोधकाच्या उबदार बाजूस बाष्परोधक पटल बसविणे आवश्यक असते. नाहीतर आतील बाष्प थंड थरापर्यंत पोहोचून तेथे द्रवरूप होते व लाकूड कुजते. प्लॅस्टिक फेस ज्वालाग्राही असल्याने तो उघडा न ठेवता जिप्सम फलकाने झाकावा लागतो. [ → उष्णता निरोधन].

तापण्यास लागणारा वेळ : स्थिर अवस्थेतील व्ययाखेरीज, थंड मोटारघर प्रथम तापविताना त्यातील वस्तूंनी शोषलेली उष्णताही विचारात घ्यावी लागते. वरील उदाहरणातील हवेचे वस्तुमान सु. ११७ किग्रॅ. भरते व ती २५° से.ने तापविण्यास केवळ ०·८ किवॉ. तास ऊर्जा पुरते. १,५०० किग्रॅ. वजनाच्या गाडीस तेवढ्याच तापमानवाढीसाठी सु. ५ किवॉ. तास लागतात. १० सेंमी. जाडीची काँक्रीटची लादी सु. ८,६०० किग्रॅ. वजनाची असते व ती केवळ १०° से.ने तापविण्यास २१ किवॉ. तास खर्च होतात. यावरून दोन गोष्टी लक्षात येतात. गाडी आत घेताना दार क्षणभर उघडल्याने हवेतील उष्णता गेली, तरी ती थोड्याच वेळात भरून निघते. याउलट पूर्णपणे गारठलेले मोटारघर तासाभरात उबदार करण्याची अपेक्षा व्यर्थ असते. हवा उबदार झाली, तरी जमीन व अवजारे कित्येक तास थंडच राहतात.

गाडीला चिकटून आलेल्या बर्फाचाही भार तापकावर पडतो. २० किग्रॅ. बर्फ वितळविण्यास सु. १·९ किवॉ. तास पुरतात, पण त्यापासून झालेले पाणी जमिनीवरच वाळू दिल्यास बाष्पीभवनासाठी सु. १४ किवॉ. तास खर्च होतात. म्हणून जमिनीला दाराकडे थोडा उतार देणे आणि पाणी पुसून अथवा झाडून बाहेर काढणे हे स्वच्छतेइतकेच ऊर्जेच्या दृष्टीनेही हिताचे असते.

तापकांचे प्रकार : (१) सुवाह्य तापक : यात तारेच्या वेटोळ्यावरून पंख्याने हवा फेकणारे आणि तेल भरलेल्या बंद पन्हळींचे असे दोन प्रकार मुख्य आहेत. उत्तर अमेरिकेतील १२० व्होल्ट दाबावर ते बहुधा १·५ किवॉ. शक्तीपर्यंतच असतात. यूरोपातील २३० व्होल्ट दाबावर २ ते ३ किवॉ. शक्तीचे तापकही साध्या खुंटीवर चालतात. वरील उदाहरणातील निरोधनरहित मोटारघरात १·५ किवॉ. तापक अखंड चालला, तरी आतील तापमान बाहेरच्यापेक्षा जेमतेम ५° से.ने वाढते. निरोधनयुक्त मोटारघरात तोच तापक २०° से. फरक राखू शकतो.

(२) बसते पंखायुक्त तापक : छतास टांगलेला वा भिंतीत बसविलेला हा प्रकार अमेरिकेत व कॅनडात सर्वाधिक प्रचलित असून तो बहुधा ३ ते १० किवॉ. शक्तीचा व २४० व्होल्ट दाबावर चालणारा असतो. त्यातील घटक नळीरूप असतो. नायक्रोम तारेचे वेटोळे धातूच्या नळीत ठेवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडाची भुकटी ठासून भरतात. ही भुकटी विजेस निरोधक, पण उष्णतेस बऱ्यापैकी संवाहक असते. नळीवरील पंखांमुळे पृष्ठभाग वाढून घटकाचे तापमान मर्यादित राहते. उबदार हवा छताखाली साचते. म्हणून तापक कोपऱ्यात बसवून झडपांनी झोत तिरपा खाली व खोलीच्या मध्याकडे वळवितात.

(३) अवरक्त तापक : हे तापक अवरक्त प्रारण (वर्णपटातील तांबड्या रंगाच्या अलीकडील अदृश्य प्रारण) बाहेर टाकतात. प्रारण हवेस फारसे न तापविता माणसाच्या शरीरावर वा वस्तूवर पडून शोषले जाते. उत्सर्जित ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात वाढत असल्याने घटक अतितप्त ठेवावा लागतो. कामाच्या मेजापुरती ऊब हवी असेल व दार वारंवार उघडत असेल, तर हा प्रकार काटकसरीचा ठरतो. तथापि नळ गोठू नयेत यासारख्या हेतूसाठी तो तितकासा उपयुक्त नसतो.

(४) जमिनीतील तापन : काँक्रीट ओतण्यापूर्वी निरोधन केलेल्या तारा त्यात अंथरतात. ऊब सर्वत्र सारखी मिळते व जमीन लवकर कोरडी होते. परंतु लादीखाली व कडेने निरोधक थर नसल्यास बरीच उष्णता मातीत जाते. लादीच्या प्रचंड उष्णताधारकतेमुळे तापमान बदलण्यास पुष्कळ तास लागतात.

(५) उष्णता पंप : वरील सर्व प्रकारांत घेतलेल्या विजेइतकीच उष्णता मिळते. उष्णता पंप बाहेरील हवेतील उष्णता आत ओढून आणीत असल्याने तो सौम्य थंडीत घेतलेल्या विजेच्या दुपटीपासून चौपटीपर्यंत उष्णता देऊ शकतो. बाहेरचे तापमान घटेल तसे हे गुणोत्तर कमी होते. भांडवली खर्च अधिक असल्याने मोटारघर सतत उबदार ठेवावयाचे असेल, तरच तो परवडतो. [ → उष्णता पंप].

ब्रिटनमध्ये मोटारघरे व काचगृहे यांसाठी कमी शक्तीचे नळीरूप तापक वापरतात. थोड्या वॉटमध्ये दमटपणा व दहिवर यांना आळा घालणे हा त्यांचा हेतू असतो. अतिशीत प्रदेशांत संपूर्ण मोटारघर न तापविता केवळ एंजिन तापकाने एंजिन उबदार करणे हा पर्याय फार काटकसरीचा असतो. कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत व स्कँडिनेव्हियात तो सर्रास रूढ असून कालनियंत्रकाच्या साहाय्याने तो निघण्यापूर्वी काही तासच चालू ठेवतात.

विद्युत् पुरवठा : तापक हा घरातील मोठ्या विद्युत् भारांपैकी एक असतो व तासन्‌तास अखंड चालतो. ५ किवॉ. शक्तीचा तापक २४० व्होल्ट दाबावर सु. २१ अँपिअर प्रवाह घेतो. अमेरिकेतील ‘नॅशनल इलेक्ट्रिकल कोड’ या नियमावलीनुसार (पहिली आवृत्ती १८९७) बसत्या तापकाचा भार अखंड समजून मंडलाची क्षमता त्याच्या १२५% धरावी लागते. म्हणजे या तापकास २६ अँपिअर क्षमता आवश्यक ठरते. त्यासाठी ३० अँपिअरचा स्वतंत्र मंडल खंडक व साधारणतः ५·३ चौ. मिमी. छेदाची तांब्याची तार वापरतात. विद्युत् मोटारगाडी भारित करण्याचे साधनही त्याच मोटारघरात असल्यास दोन्ही भारांची बेरीज घराच्या मुख्य पुरवठ्यास झेपते की नाही, हे आधी तपासावे लागते.

रोध तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २४० व्होल्टसाठी बनविलेला ५ किवॉ. तापक २०८ व्होल्ट पुरवठ्यावर जोडल्यास केवळ सु. ३·७५ किवॉ. उष्णता देतो. १२० व्होल्टवर तो चौथाई शक्तीनेच चालतो. याउलट १२० व्होल्टचा घटक २४० व्होल्टवर जोडल्यास तो चौपट शक्ती घेऊन जळून जातो.

सुवाह्य तापकांच्या बाबतीत धोक्याचे मूळ बहुधा तापकात नसून जोडणीत असते. १·५ किवॉ. तापक १२० व्होल्टवर १२·५ अँपिअर प्रवाह घेतो. खुंटीतील सैल झालेल्या संपर्काचा रोध केवळ ०·१ ओहम असला, तरी त्या चिमूटभर जागेत सु. १६ वॉट उष्णता सतत निर्माण होते. प्लॅस्टिक मऊ पडून काळवंडते व कालांतराने पेट घेते. बारीक छेदाच्या जोडतारेतही अशीच उष्णता साचते, विशेषतः ती गुंडाळलेली वा चटईखालून नेलेली असल्यास. यास्तव जोडतार अथवा अनेक खुंट्यांची पट्टी न वापरता तापक सरळ भिंतीवरील खुंटीस जोडावा, असा सर्वमान्य दंडक आहे.

मोटारघराची जमीन ओली व काँक्रीट काही अंशी विद्युत् संवाहक असते. त्यामुळे विजेचा धक्का प्राणघातक ठरण्याचा संभव वाढतो. यासाठी भूदोष मंडल खंडक वापरतात. जाणाऱ्या व परतणाऱ्या प्रवाहांत ४ ते ६ मिलिअँपिअर एवढा फरक पडताच तो पुरवठा तोडतो. उपर्युक्त नियमावलीच्या १९७८ च्या आवृत्तीपासून राहत्या घरांच्या मोटारघरांतील खुंट्यांसाठी तो आवश्यक ठरविण्यात आला.

तापमान नियंत्रण : तापस्थापी हे साधन ठरविलेल्या तापमानास मंडल आपोआप जोडते व तोडते. जुन्या प्रकारात असमान प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची पट्टी वाकून संपर्क उघडते. नव्या प्रकारात इलेक्ट्रॉनीय संवेदक असतो. मोटारघरासाठी तापस्थापीचा खालचा अंक ५° से.च्या आसपास असावा लागतो, कारण राहत्या खोल्यांसाठी असलेले काही तापस्थापी इतक्या खाली ठेवता येत नाहीत. तो थंड बाह्य भिंतीवर वा तापकाच्या झोतात बसविल्यास चुकीचे तापमान दाखवितो. त्याखेरीज प्रत्येक चांगल्या तापकात पंखा बंद पडल्यास किंवा हवेचा मार्ग अडल्यास पुरवठा तोडणारे स्वतंत्र अतितापन रक्षक असते. ते वारंवार सुटत असल्यास त्याचे कारण शोधावे. त्यास वगळून तापक चालविणे हे आगीस आमंत्रण होय.

आगीचा व विषबाधेचा धोका : पेट्रोलचा प्रज्वलनांक (ज्या तापमानास बाष्प ठिणगीने पेट घेते ते तापमान) सु. –४०° से. असल्याने कडक थंडीतही त्याचे ज्वालाग्राही बाष्प तयार होते. हे बाष्प हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. सांडलेल्या वा गळलेल्या पेट्रोलचे बाष्प जमिनीलगत पसरत जाऊन दूर ठेवलेल्या ठिणगीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून मोटारघरात ठिणगी वा ज्योत निर्माण करणारी उपकरणे जमिनीपासून किमान ४६ सेंमी. उंच बसवावीत, असा अमेरिकेत नियम आहे. रक्ततप्त उघडा घटक असलेला तापक जमिनीवर ठेवणे या दृष्टीने अत्यंत धोक्याचे असते. छतास टांगलेला, मोटारघरासाठी परीक्षण होऊन मान्यता मिळालेला तापक अधिक सुरक्षित समजतात. तापकाच्या पुढे किमान १ मी. अंतरात कोणतीही ज्वालाग्राही वस्तू असू नये. लाकडाचा भुसा, तेलाने भिजलेली फडकी, रंग पातळ करण्याचे द्रव व द्रवीकृत वायूच्या टाक्या मोटारघरात नेहमीच्याच असल्याने या नियमाकडे बहुधा दुर्लक्ष होते.

घराच्या मध्यवर्ती तापन यंत्रणेचीच एक शाखा मोटारघरात का नेत नाहीत, याचे उत्तरही येथेच मिळते. अशा नलिकेतून मोटारघरातील धूर, पेट्रोलचे बाष्प व कार्बन मोनॉक्साइड राहत्या खोल्यांत शिरू शकतात. म्हणून अमेरिकेतील गृहबांधणीच्या आदर्श नियमावलीनुसार राहत्या भागास हवा पुरविणाऱ्या यंत्रणेने मोटारघरास हवा पुरविणे वा तेथून परत घेणे निषिद्ध आहे. दोहोंमधील भिंत किमान १२·७ मिमी. जाड जिप्सम फलकाने झाकावी लागते. मोटारघरासाठी स्वतंत्र तापक लागतो तो यामुळेच. निरोधनाचे काम करताना ही भिंत भोके पाडून दुर्बल होऊ न देणे महत्त्वाचे असते.

विद्युत् तापकात ज्वलन होत नसल्याने ऑक्सिजन खर्च होत नाही व विषारी वायू निर्माण होत नाही. धुराडे नसलेल्या केरोसीन वा प्रोपेन तापकांच्या तुलनेत हा त्याचा मोठा गुण होय. ते तापक कार्बन मोनॉक्साइडाखेरीज पुष्कळ बाष्पही सोडतात, १ किग्रॅ. प्रोपेन जळाल्यास सु. १·६ किग्रॅ. पाणी तयार होते व ते थंड अवजारांवर साचते. तथापि विद्युत् तापक बसविला म्हणजे मोटारघर विषबाधेपासून मुक्त झाले, असे मात्र नाही. उबेसाठी घट्ट बंद केलेल्या मोटारघरात गाडीचे एंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड पूर्वीपेक्षाही लवकर साचतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्याने त्याची जाणीव होत नाही आणि तो घरातही शिरतो. दार उघडे असले तरी आत एंजिन चालवीत ठेवू नये आणि लगतच्या खोल्यांत या वायूचा सूचक बसवावा.

आर्द्रता व गंज : –१५° से. तापमानाच्या संपृक्त हवेत दर घ. मी.ला सु. दीड ग्रॅम बाष्प असते, तर १०° से.ची हवा सु. साडेनऊ ग्रॅम धारण करू शकते. त्यामुळे बाहेरची हवा आत येऊन तापली की बरीच कोरडी होते व अवजारांना गंज चढत नाही. परंतु बर्फाने माखलेली गाडी आत आल्यावर हे चित्र बदलते. शीत प्रदेशांत रस्त्यांवर बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. मीठमिश्रित ओलावा गोठलेला असताना लोखंडाचे क्षरण मंद असते, पण उबदार मोटारघरात ते वाढते. गाडी कोरडी होण्याइतके तापन व वायुवीजन होत नसेल, तर किंचित उबदार व सतत दमट मोटारघर हे गाडीच्या पत्र्याच्या दृष्टीने पूर्णपणे थंड मोटारघरापेक्षा वाईट ठरते. गाडीचा तळ वेळोवेळी गोड्या पाण्याने धुणे हा यावरील उपाय आहे.

आर्थिक व पर्यावरणीय विचार : रोध तापकात विजेचे उष्णतेत रूपांतर जवळजवळ पूर्णपणे होते. या अर्थाने त्याची कार्यक्षमता १००% असते व महाग तापक स्वस्त तापकापेक्षा एका किवॉ. तासात अधिक उष्णता देऊ शकत नाही. जाहिरातींत याविरुद्ध केलेले दावे भौतिकीच्या नियमांशी विसंगत असतात. मात्र वीज कोळशापासून वा नैसर्गिक वायूपासून निर्माण केलेली असल्यास इंधनातील उष्णतेचा मोठा भाग विद्युत् केंद्रातच वाया गेलेला असतो. कॅनडातील क्वीबेक प्रांत व नॉर्वे येथे वीज मुख्यत्वे जलशक्तीपासून मिळत असल्याने घरांचे विद्युत् तापन सर्वत्र रूढ झाले आहे. नैसर्गिक वायू स्वस्त असलेल्या प्रदेशांत वायूचा, बाहेर धूर सोडणारा तापक चालविण्यास स्वस्त पडतो. परंतु वायूची नळी व धुराडे यांचा खर्च आणि ज्वलनाचा धोका लक्षात घेता, कधीमधी वापरावयाच्या मोटारघरास विद्युत् तापकच सोयीचा असतो.

भारतात लडाख व हिमालयातील अतिशीत प्रदेश वगळता मोटारघर तापविण्याची आवश्यकता भासत नाही. तथापि शीत प्रदेशांत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांना या प्रश्नास पहिल्याच हिवाळ्यात तोंड द्यावे लागते. बाजारातून तापक आणण्यापूर्वी फटी बुजविणे, छत झाकणे, मंडलाची क्षमता अनुज्ञाप्राप्त तंत्रज्ञाकडून तपासून घेणे आणि जमिनीवरील पेट्रोल व रंगाचे डबे हलविणे, हा क्रम त्यांनाही तितकाच लागू पडतो.